ग्रे एल्कहाउंड सांभाळायचाय? मग कामांचा क्रम आधी नीट लावा

उन्हाळ्यात उकडतंय म्हणून कुत्र्याला भादरून आणणं. गळती सुरू झाली की आधी आंघोळ घालणं आणि मग ओल्या गुंत्याशी झटापट करणं. तो भुंकला की त्याच्यापेक्षा वरच्या पट्टीत ओरडणं. ग्रे एल्कहाउंड या नॉर्वेच्या शिकारी कुत्र्याच्या बाबतीत या तीन चुका पुन्हा पुन्हा होतात. नॉर्वे-स्वीडनमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींनाही त्या चुकलेल्या नाहीत. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. हा कुत्रा कशासाठी घडवलाय हे लक्षात न घेता त्याला लॅब्राडोरसारखा वागवला जातो.

त्याचं काम एवढंच लक्षात ठेवा: मालकापासून लांब, एकट्यानं, थंडीत मूस (उत्तरेकडचं भलंमोठं हरीण) शोधायचा आणि भुंकून भुंकून त्याला जागच्या जागी थोपवून धरायचा. दाट केस, मोठा आवाज, कमी खाण्यात भागवणारं शरीर आणि ‘मी ठरवतो’ हा स्वभाव, सगळं या कामातून आलेलं आहे. यातलं काहीही बदलता येत नाही. वळण मात्र लावता येतं.

१. आणण्याआधी: कुत्रा नेमका कोणता, ते तपासा

नॉर्वेत याला ‘एल्गहुंड ग्रो’ म्हणतात. खांद्यापर्यंतची आदर्श उंची नराची ५२ सेंटिमीटर, मादीची ४९. वजन साधारण २० ते २५ किलो. अंग चौकोनी, कान ताठ, शेपूट पाठीवर घट्ट वळलेली, केस राखाडी आणि टोकं काळी. शेजारच्या स्वीडनमधला येम्टहुंड दिसायला याच्यासारखाच, पण चांगला उंच. नर ५७ ते ६५ सेंटिमीटर भरतो आणि गालांवर-गळ्यावर फिकट, जवळपास पांढरे पट्टे असतात. नॉर्वेचाच काळा एल्कहाउंड थोडा लहान आणि पूर्ण काळा असतो. जाहिरातीत नुसतं ‘एल्गहुंड’ लिहिलेलं असेल तर यातला कोणता, हे विचारून घ्या.

पिल्लू बघायला जाण्याआधी ब्रीडरकडून आई-वडिलांचे हे निकाल मागवा:

- खुब्याच्या सांध्याचा एक्स-रे. ‘ए’ किंवा ‘बी’ श्रेणी हवी.
- डोळ्यांची तपासणी. या जातीत रेटिना हळूहळू निकामी होण्याचा आजार आढळतो.
- काचबिंदूची जनुक चाचणी. ग्रे एल्कहाउंडमध्ये या आजाराला कारणीभूत असलेला जनुकीय बदल सापडलेला आहे.
- आखूड पायांच्या खुजेपणाची जनुक चाचणी.

शेवटचे दोन्ही दोष आई आणि वडील अशा दोघांकडूनही आले तरच पिल्लाला त्रास होतो. त्यामुळे एक पालक वाहक (अंगात दोष आहे पण स्वतः निरोगी) आणि दुसरा निर्दोष असेल तर घाबरायचं कारण नाही. दोघंही वाहक असतील तर सरासरी चारातलं एक पिल्लू आजारी निघतं. अशा जोडीचं पिल्लू घेऊ नका, मग ते कितीही गोंडस असो.

> खात्री करा: नॉर्स्क केनेल क्लबची नोंदणी, मायक्रोचिपचा क्रमांक आणि पशुवैद्याचा दाखला, तिन्हींवर एकच पिल्लू आहे ना? ते आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय घरी आणायचं नाही.

ब्रीडर उलट तुम्हालाच प्रश्न विचारेल: शिकार करता का? नसाल करत तर सरळ ‘नाही’ सांगा. एकाच वेतात शांत आणि तुफान अशी दोन्ही प्रकारची पिल्लं असतात. खरं उत्तर दिलंत तर तुमच्या घराला झेपेल असं पिल्लू मिळण्याची शक्यता वाढते.

२. सामान आणि पहिले पंधरा दिवस

स्टीलचा दोन बाजूंचा कंगवा (एकीकडे विरळ, दुसरीकडे दाट दाते), आतली लोकर काढायचा गोल दात्यांचा रेक, छातीवर इंग्रजी ‘वाय’ आकारात बसणारा हार्नेस, १० ते १५ मीटरची लांब दोरी, गोचीड काढायचा आकडा आणि एक शिट्टी. एवढं पुरतं. दोरी कापडी नको. ओल्या गवतात ती पाणी पिऊन जड होते आणि हात सोलून काढते. रबरी लेप असलेली घ्या.

पहिले पंधरा दिवस शिकवणी एकच: अंगाला हात लावू देणं. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. पंजा धरा, बोटं फाकवा, कान उलटा, शेपटीचं वेटोळं हळूच उचला आणि प्रत्येक वेळी खाऊचा कण द्या. हे आत्ता टाळलंत तर पुढे वीस किलोचा कुत्रा नखं कापू देत नाही आणि चार माणसं लागतात.

३. खाणं: मोजून, वाटीनं नव्हे

एल्कहाउंड कायम भुकेला दिसतो. तो उपाशी नसतो, त्याची जातच तशी आहे. लठ्ठपणा या जातीत सहज येतो आणि दाट केसांखाली तो महिनोन् महिने दिसतच नाही.

हिशोब असा. वजनाचं वर्गमूळ काढा, त्या उत्तराचं पुन्हा वर्गमूळ काढा, दोन्ही उत्तरांचा गुणाकार करा आणि त्याला ७० नं गुणा. २३ किलोच्या कुत्र्यासाठी ४.८० गुणिले २.१९ म्हणजे १०.५, त्याला ७० नं गुणलं की ७३५ कॅलरी. ही नुसतं पडून राहण्याची गरज झाली. घरात राहणाऱ्या, रोज दीड तास चालणाऱ्या प्रौढ एल्कहाउंडसाठी सुरुवात १.३ पटीनं करा: सुमारे ९५५ कॅलरी. कोरड्या खाण्याच्या पिशवीवर १०० ग्रॅमला ३७० कॅलरी लिहिलं असेल तर दिवसाला २६० ग्रॅमच्या आसपास होतं. दोन वेळांत विभागून द्या. मोजायला स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा, वाटी हातागणिक बदलते.

दोन आठवड्यांनी बोटांनी तपासा. केस बाजूला सारून बरगड्यांवर हलकेच बोटं फिरवा. मुठीच्या सांध्यांवरून बोट फिरवल्यासारखं जाणवलं तर कुत्रा जास्त बारीक आहे. तळहात पालथा करून बोटांच्या मागच्या भागावर जाणवतं तसं जाणवलं तर बरोबर. तळव्याच्या गादीसारखं मऊ लागलं तर रोजचं खाणं १० टक्क्यांनी कमी करा आणि पुन्हा दोन आठवड्यांनी बघा.

वरचा खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शात बसला पाहिजे, म्हणजे इथे ९५ कॅलरींत. एका मध्यम पोळीतच साधारण शंभर कॅलरी असतात. आजी-आजोबा भारतातून सहा महिन्यांसाठी आले की टेबलाखालून जाणाऱ्या पोळीचाच हिशोब सगळ्यात आधी चुकतो.

> धोका: कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका-बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेला च्युइंगम कुत्र्याला विषारी आहेत. फोडणीची आमटी, पुलाव, शिऱ्यातले बेदाणे हे सगळं यात आलं. ‘थोडंसंच दिलं’ म्हणून थांबू नका, लगेच पशुवैद्याला फोन करा.

पळवून आणल्यावर लगेच पोटभर खायला घालू नका, आणि जेवल्या जेवल्या पळवूही नका. पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो. मध्ये किमान तासभर जाऊ द्या.

४. केस: आधी कोरडं विंचरणं, मगच पाणी

केसांचे दोन थर असतात. वरचा राठ थर पाऊस-बर्फ झटकतो, खालची फिकट लोकर ऊब धरते. लोकर वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, मोठ्या प्रमाणावर गळते. मादीची माज येऊन गेल्यावर आणि व्यायल्यानंतरही गळते. घरातली ऊब आणि दिवे यांमुळे थोडी गळती बाराही महिने चालूच असते.

गळती सुरू झाल्याची खूण मागच्या मांड्यांवर दिसते. करड्या केसांतून कापसाच्या वातीसारखे फिकट पुंजके डोकं वर काढतात. चिमटीत धरून ओढलं तर विनासायास हातात येतात. त्या दिवसापासून साधारण तीन आठवडे एक दिवसाआड पाऊण तास बाजूला ठेवा. एरवी आठवड्यातून एकदा पुरतं.

*पायरी १: ओळीओळीनं विंचरणं.* कुत्रा पूर्ण कोरडा हवा. सुरुवात मागच्या पायाच्या खालच्या भागापासून. डाव्या हातानं केस वर दाबून धरा, म्हणजे त्याखाली कातडीची एक रेघ उघडी पडेल. त्या रेघेवरून विरळ दात्यांचा कंगवा खाली ओढा. मग हात बोटभर वर सरकवा आणि पुढची रेघ. असं मांडीपासून पाठीकडे, पाठीपासून मानेकडे. नुसत्या वरवर फिरवलेल्या ब्रशनं कुत्रा चकाकतो, लोकर मात्र आत तशीच घट्ट बसलेली राहते. बहुतेकांची फसगत इथेच होते.

*पायरी २: रेक.* एका जागी दोन-तीन फटकारे, त्याहून जास्त नाही. कातडी लालसर झाली तर थांबा. पातं लावलेली जी साधनं ‘गळती ९० टक्के कमी’ म्हणून विकली जातात त्यांपासून लांब राहा. ती लोकरीबरोबर वरचे राठ केसही कापतात, आणि कापलेला केस पाणी झटकत नाही.

*पायरी ३: आंघोळ, लागली तरच.* निरोगी एल्कहाउंडला फारसा वास येत नाही. वर्षातून तीन-चार आंघोळी भरपूर झाल्या. पाणी कोमट ठेवा. पहिली पाच मिनिटं पाणी वरून नुसतं ओघळून जातं, कातडीपर्यंत पोहोचत नाही. शॉवर केसांत टेकवून उलट दिशेनं फिरवा. शाम्पू एका बाटलीत दहापट पाण्यात मिसळून ओता, थेट नको. धुवायला लावण्याच्या दुप्पट वेळ द्या.

*पायरी ४: वाळवणं.* टॉवेलनं दाबून पाणी टिपा, चोळू नका. चोळलं की ओली लोकर नमद्यासारखी एकमेकांत गुंतते. मग ड्रायर गार किंवा कोमट हवेवर लावून केसांच्या उलट दिशेनं वाळवा. दाट केसांना तास-दीड तास लागतो, तेवढा धीर ठेवा.

> खात्री करा: दोन बोटं कानामागे, पट्ट्याखाली, काखेत आणि शेपटीच्या मुळाशी थेट कातडीपर्यंत घाला. कुठेही गारवा लागला म्हणजे अजून ओलं आहे. अशी ओल आत कोंडली की एक-दोन दिवसांत चिकट, लाल, दुखरी जखम उमटते.

*पायरी ५: पुन्हा कंगवा.* आंघोळीनं सुटलेली लोकर आता निघते, कधी कधी पहिल्यापेक्षाही जास्त. बारीक दात्यांचा कंगवा कातडीपासून टोकापर्यंत कुठेही न अडकता गेला की काम झालं.

भादरणं? नाही. ऊन, पाऊस, डास आणि काटे या सगळ्यांपासून वरचा थरच वाचवतो. एकदा मशीन फिरवलं की काही कुत्र्यांत तो ठिपक्याठिपक्यांनी उगवतो, काहींत महिनोन् महिने उगवतच नाही. उकडत असेल तर सुटलेली लोकर काढून टाका. खेळती हवा कातडीपर्यंत पोहोचते आणि तेवढ्यानं भागतं.

विंचरताना हाताला गाठी लागतात का तेही बघा. या जातीत कातडीत निरुपद्रवी गाठी येतात. त्यातून टूथपेस्टसारखा पांढरा लगदा बाहेर येतो. पिळू नका. आत फुटली तर सूज येते आणि ऑपरेशनपर्यंत जातं. गाठ दिसली की जागा आणि आकार लिहून ठेवा आणि पशुवैद्याला दाखवा.

५. भुंकणं: बंद करायचं नाही, थांबवायला शिकवायचं

जंगलात हा कुत्रा मुसासमोर काही मीटरवर उभा राहतो. चारशे किलोचं जनावर खूर उगारतं, तो मागे उडी मारतो, पुन्हा पुढे येतो आणि एका लयीत भुंकत राहतो. त्या लयीवरून लांबच्या शिकाऱ्याला कळतं की मूस उभा आहे. नॉर्वेजियन शिकारी या उभ्या जनावरावरच्या भुंकण्याला ‘स्टो-लूस’ म्हणतात आणि मूस चालू लागला की लय बदलते ती ‘गांग-लूस’. म्हणजे आवाजाला प्रतिसाद म्हणून आवाज, हे त्याच्या रक्तातच आहे. तुम्ही ओरडलात की त्याला वाटतं, चला, मदत आली.

तयारी आधी. आठवडाभर वहीत नोंदवा: कधी भुंकला, कशाला, किती वेळ. बहुधा दोन-तीन कारणं निघतात. जिना, पोस्टमन, खिडकीबाहेरचा दुसरा कुत्रा. खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला दुधी कागद लावलात तर निम्मं काम तिथेच होतं.

मग शब्द ठरवा. हे हसण्यावारी नेऊ नका. आई ‘गप’ म्हणते, बाबा ‘शट अप’ आणि पोरं ‘स्टिले’. कुत्र्याच्या लेखी हे तीन निरर्थक आवाज. घरात सगळ्यांनी एकच शब्द, एकाच सुरात. ‘बास’ छान आहे, छोटा आणि तुटक.

1. तो दोन-तीनदा भुंकला की शांतपणे जवळ जा. लांबून हाक नको.
2. ‘बास’ एकदाच म्हणा आणि खाऊ नाकाशी धरा. वास घेताना भुंकता येत नाही.
3. दोन सेकंद शांतता झाली की खाऊ द्या.
4. पुढच्या दिवसांत दोनाचे पाच, दहा, वीस सेकंद करा. एका दिवसात एकच पायरी.
5. शब्दावर थांबायला लागला की खाऊ कधी द्या, कधी नुसती शाबासकी.

> इथे चुकतं: काही आठवड्यांत कुत्रा हुशारीनं ‘भुंकायचं, थांबायचं, खाऊ मिळवायचा’ असा धंदा सुरू करतो. तसं दिसलं तर खाऊची वेळ पुढे आणा. जिन्यात पाऊल वाजलं आणि तो अजून भुंकलेला नाही, त्या क्षणाला द्या.

६. दोरी आणि हाक

हाकेला येणं शिकवता येतं, शंभर टक्के मात्र कधीच नाही. वास लागला की तो किलोमीटरभर जाऊन स्वतःच्या मतानं काम करतो, त्यासाठीच त्याची निवड झाली आहे.

शिट्टी आधी घरात शिकवा: शिट्टी, लगेच खाऊ, दिवसातून दहा वेळा, आठवडाभर. मग अंगणात. मग लांब दोरी लावून मोकळ्या मैदानात. दोरी हार्नेसला लावायची, गळपट्ट्याला नाही. धावत्या कुत्र्याला मानेत झटका बसतो. दहापैकी नऊ वेळा आला तरच पुढची जागा. घरी जायच्या वेळीच शिट्टी वाजवत राहिलात तर शिट्टी म्हणजे मजा संपली हे तो आठवड्यात शिकेल. मधेच बोलवा, खाऊ द्या, परत सोडा.

नॉर्वेत १ एप्रिल ते २० ऑगस्ट कुत्रा बांधून किंवा ताब्यात ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. अनेक नगरपालिकांचे यापेक्षा कडक स्थानिक नियम आहेत, ते वेगळे बघा. स्वीडनमध्ये वन्य प्राणी असलेल्या भागात हे बंधन १ मार्चपासून २० ऑगस्टपर्यंत असतं. पिल्लं घालण्याचा मोसम असतो हा, आणि मेंढ्याही कुरणात मोकळ्या असतात.

वर्षाचा होईपर्यंत सायकलबरोबर पळवणं, लांब उतार, उड्या टाळा. हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते. प्रौढाला रोज दीड-दोन तास, त्यात अर्धा तास तरी वास घेत रमतगमत चालणं. नाक दमलं की कुत्रा दमतो. हिवाळ्यात रस्त्यावरच्या मिठानं पंजे चिरतात, घरी आल्यावर कोमट पाण्यात बुडवून पुसा.

७. जंगलातून आल्यावर

हवा पाच अंशांच्या वर गेली की गोचिडी जाग्या होतात. इतक्या दाट केसांत डोळ्यांनी शोधणं व्यर्थ, बोटांनीच शोधा. कानांच्या कडा, काखा, जांघा, बोटांमधल्या फटी, हार्नेसखालचा पट्टा आणि शेपटीच्या वेटोळ्याखाली. ज्वारीच्या दाण्याएवढं काही लागलं की केस बाजूला करून बघा. आकडा कातडीलगत सरकवून सावकाश काढा. तेल, तूप, रॉकेल काही नको. लावलं की गोचीड जास्त लाळ आत सोडते, आणि रोग लाळेतूनच येतो.

शरदात पंख गाळून केसांत घुसणारी चपटी हरीणमाशी वेगळी. ती कंगव्याला लागते पण चिरडत नाही. साबणाच्या पाण्यात टाका.

वसंत-उन्हाळ्यात फुरसं जातीचा उत्तरेकडचा भाऊबंद, हुग्गोर्म नावाचा विषारी साप, दगडांवर ऊन खात पडलेला असतो. कुत्रा नाक घालतो आणि चावा थोबाडावर किंवा पुढच्या पायावर बसतो. कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला आणि थेट पशुवैद्याकडे. दोरी आवळणं, चीर देणं, विष चोखणं हे काहीही नको. माणसांची वेदनाशामक गोळी तर अजिबात नको.

८. भारतात सुट्टीला न्यायचा विचार असेल तर

आमचं मत: मे महिन्यात पुण्याला किंवा जूनमध्ये रत्नागिरीला नेऊ नका. कुत्रा धापा टाकून, जिभेवरच्या पाण्याची वाफ करून गार होतो. दमट हवेत वाफ नीट होत नाही आणि धाप नुसती वाढत जाते. न थांबणारी धाप, गडद लाल हिरड्या, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणं. आधी जागच्या जागी पाणी ओता आणि पंखा लावा, मग गाडी काढा. गुदद्वारातलं तापमान ३९.५ अंशांवर उतरलं की ओतणं थांबवा.

परतीचा क्रम तर याहून कडक आहे आणि इथेच लोक अडकतात. भारतातून नॉर्वेत कुत्रा परत आणायला मायक्रोचिप, त्यानंतर रेबीजची लस आणि लशीनंतर किमान ३० दिवसांनी घेतलेली रक्तचाचणी लागते. तिच्यात ०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर एवढी प्रतिपिंडं दिसली पाहिजेत. ही चाचणी नॉर्वे सोडण्याआधी उरकून कुत्र्याच्या पासपोर्टवर नोंदवली आणि लस लागोपाठ चालू ठेवली तर थांबावं लागत नाही. चाचणी भारतात केली तर रक्त काढल्यापासून तीन महिने तिथेच. शिवाय टेपवर्मचं (आतड्यातल्या चपट्या जंताचं) औषध नॉर्वेत पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत पशुवैद्यानं देऊन पासपोर्टवर किंवा आरोग्य प्रमाणपत्रात वेळेसकट नोंदवलेलं हवं. विमान उशिरा सुटून १२० तास उलटले तर औषध पुन्हा द्यावं लागतं. म्हणून ते निघायच्या साधारण दोन दिवस आधी द्या.